एक गोळी कॅल्शियम देणारी, एक अडवणारी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून सुनेनं लिहिलेलं पत्र. सासूबाई ६२ वर्षांच्या, सहा वर्षांपासून बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, हात टेकवला आणि डावं मनगट मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व लिहून दिलं. दिराचा मुलगा अमरावतीला डी. फार्म. करतो. तो सुट्टीत आला, दोन्ही पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "बीपीची गोळी तं कॅल्शियम चॅनल ब्लॉकर हाय. म्हंजे एका हातानं द्याचं आन् दुसऱ्या हातानं अडवाचं!" सासूबाईंनी त्या दिवसापासून बीपीची गोळी सोडली. आधी हाड जुळू दे, मग पाहू, असं त्यांचं म्हणणं. याला वीस दिवस झाले. शेजारच्या काकूंचं उलटंच: कॅल्शियम हृदयाच्या नळ्यांत जाऊन बसतं. ते ऐकून सासरे कॅल्शियमच बंद करा म्हणतात. सासूबाईंना मधूनमधून छातीत धडधड होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुरू आहे, आणि त्यावर बोललं की त्या म्हणतात, "त्यात चुना हायच की, हाडाले चांगला." ताईंचा प्रश्न एका ओळीचा: "दोन्हीतली कोणती गोळी बंद करू?"

ताई,

आधी आजचं काम सांगतो, मग कॅल्शियमची गोष्ट. सासूबाईंना आजच उपकेंद्रात न्या आणि बीपी मोजून घ्या. सिस्टर नसल्या तर आशाताईंना विचारा. गावात कोणाकडे ना कोणाकडे मशीन असतंच. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसवायचं, प्लास्टर नसलेल्या हातावर मोजायचं आणि त्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. आकडा कागदावर लिहून उद्या डॉक्टरांकडे जा आणि गोळी वीस दिवस बंद होती हे न लाजता सांगा. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या देऊ नका. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० ओलांडून गेला असेल तर उद्यावर ढकलू नका, आजच दवाखाना. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, यांतलं काही दिसलं तर मशीन शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.

"गोळी सोडली तरी आठवडाभर काहीच झालं नाही" असं तुम्ही लिहिलंय. होणारच नव्हतं. ॲम्लोडिपिन अंगातून हळूहळू उतरतं, शेवटच्या गोळीचा असर काही दिवस रेंगाळतो. ते दिवस जुन्या पुण्याईवर गेले. त्यानंतर बीपी वाढलं तरी ते दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

आता तुमचा प्रश्न. कोणती बंद करू, असं तुम्ही विचारता. पण दोन्हीतली एक बंद करावीच लागेल, हे ठरवलं कोणी?

पुतण्यानं शब्द चुकीचा वाचलेला नाही. ॲम्लोडिपिन खरंच कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आहे. गडबड पुढं झाली. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं कोठीचं चित्र आलं: अंग म्हणजे कोठी, कॅल्शियम म्हणजे जवारीची पोती, एक जण आत टाकतो आणि दुसरा दारात आडवा उभा राहतो. काकूंचं चित्रही तेच आहे, फक्त त्यांना वाटतं पोती चुकीच्या खोलीत रचली जातात. हाडांपुरती ही कोठी खरी आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडादातांत. उरलेल्या एका टक्क्याची कहाणी मात्र वेगळी आहे, आणि ती मला कॉलेजच्या आधी गोठ्यात कळली.

मी आठवी-नववीत असेन. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. बाबांनी कर्ज काढून जर्सी संकरित गाय आणली होती. ती व्याली, घरात खरवस झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर गाय बसलेली. काही केल्या उठेना. मान वळवून पोटाशी टेकवलेली, कान हातात घेतले तर थंडगार. आजी म्हणाली, नजर लागली. ढोरांचे डॉक्टर लुनावरून आले, त्यांनीही आधी कानच चाचपले आणि बॅगेतून कॅल्शियमची बाटली काढली. मानेच्या शिरेत सुई घातली, बाटली बाबांच्या हातात दिली, आणि स्वतः गायीच्या डाव्या कोपरामागं नळी लावून ठोके ऐकत बसले. औषध सावकाश उतरत होतं. बाबांचा धीर सुटला. "डॉक्टरसाहेब, सोडा न् भरकन, गाय चालली माही!" डॉक्टरांनी कानातली नळीही काढली नाही. "भरकन सोडलं तं आत्ताच जाईन. हात खाली घ्या." अर्ध्या तासात गायीच्या मांड्या थरथरायला लागल्या. तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं धडपडत उभी राहिली.

याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर, अंग मात्र गार. दूध एकदम उतरलं की रक्तातलं कॅल्शियम त्यात निघून जातं आणि हाडांतून तेवढ्या घाईनं सुटत नाही. म्हणजे सांगाड्यात किलोकिलोनं कॅल्शियम पडून आहे आणि गाय बसली आहे. आणि तेच कॅल्शियम शिरेतून घाईनं गेलं तर हृदय बंद पडतं. पोत्यांच्या हिशेबात हे बसत नाही.

माणसाचंही तसंच. रक्तात दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी ही पट्टी सहसा सुटू देत नाहीत. सासूबाईंनी एक गोळी खाल्ली म्हणून आकडा उसळत नाही. खाल्लं नाही तर हाडांच्या खात्यातून उचल होते, आणि वर्षानुवर्षं नुसती उचलच होत राहिली की अंगणात हात टेकवल्यावर मनगट मोडतं.

आता रक्तातून पेशीच्या आत चला. बाहेर जेवढं कॅल्शियम, त्याचा दहा हजारावा हिस्सा पेशीच्या आत मोकळा असतो. पेशी ते रात्रंदिवस उपसून बाहेर टाकत असते. ताकद देणारी चीज कोणी बाहेर फेकतं का? पेशीला फेकावी लागते. तिचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम फॉस्फेटला भेटलं की त्याचा न विरघळणारा साका बसतो. आपल्याकडच्या विहिरीच्या जड पाण्यानं बंबाच्या आत पांढरा थर धरतो ना, तसलाच प्रकार. म्हणून पेशी आतलं अंगण झाडून ठेवते. आणि झाडलेल्या अंगणात एक खडा पडला तरी दिसतो. गाव चिडीचूप असेल तर कोतवालाची दवंडी शेवटच्या घरापर्यंत जाते. डफडं दिवसभर वाजत राहिलं तर कोणी कान देत नाही. पेशीतलं कॅल्शियम म्हणजे अशी दवंडी. ते आत आलं, निरोप पोचला, की लगेच बाहेर गेलं पाहिजे.

हृदयात ही दवंडी प्रत्येक ठोक्याला होते. विजेची लहर आली की पेशीच्या पडद्यातली एल-टाइप चॅनल नावाची दारं क्षणभर उघडतात. त्यांतून येतं ते थोडंच. पण ते आतल्या साठवणीच्या दारावर थाप मारतं, ती दारं उघडतात आणि मोठा लोट तिथून सुटतो. हे सुटणं १९९३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा ठिणग्यांसारखं लुकलुकताना दिसलं, म्हणून त्याला कॅल्शियम स्पार्क म्हणतात. पेशीतलं कॅल्शियम दहापटीच्या आसपास चढतं, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात आणि हृदय आवळलं जातं. लगेच पंप सुरू: बरंचसं परत साठवणीत, थोडं पेशीबाहेर. आतलं ओसरलं की हृदय सैल पडतं आणि पुन्हा रक्तानं भरतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसात एक लाखाच्या वर खेपा. मला स्वतःला आवळण्यापेक्षा या सैल पडण्याचं जास्त अप्रूप वाटतं. त्यालाही ऊर्जा लागते, हे विद्यार्थीदशेत कितीतरी दिवस माझ्या गळी उतरत नव्हतं.

बाहेरचं कॅल्शियम हृदयाला लागतं, हे कळलं ते लंडनच्या नळाच्या पाण्यामुळं. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर १८८२ च्या सुमारास बेडकाचं हृदय खारट पाण्यात ठेवून ते किती वेळ चालतं हे पाहत होते. ते छान चालत होतं. मग लक्षात आलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर ठोके मंदावून थांबले, किंचित कॅल्शियम घातल्यावर पुन्हा सुरू झाले. रिंगरनी १८८३ मध्ये आधीचा निष्कर्ष स्वतःच दुरुस्त केला. गावातल्या दवाखान्यात 'आरएल' म्हणून जी सलाईन लावतात, तिच्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर, आणि त्या बाटलीत आजही थोडं कॅल्शियम असतं.

आणि ही भाषा एकट्या हृदयाची नाही. बीजांडात शुक्राणू शिरला की कॅल्शियमची लाट त्या टोकापासून या टोकापर्यंत जाते. वावरात अळी पान कुरतडते तेव्हाही. २०१८ साली मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यावर शास्त्रज्ञांनी हे प्रकाशात पाहिलं: एका पानाला अळीनं तोंड लावलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत कॅल्शियमचा उजेड लांबच्या पानांपर्यंत पसरला. ना मेंदू, ना मज्जातंतू. तो व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला असेल.

असो, सासूबाईंच्या गोळीकडे वळू. ॲम्लोडिपिन याच एल-टाइप दारांवर बसतं, पण मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंच्या. तिथं दवंडी जरा हळू आवाजात होते, भिंत सैल पडते, नळी रुंदावते आणि दाब उतरतो. हृदयाच्या ठोक्याला ते फारसं छेडत नाही. त्याच घराण्यातली व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम छेडतात. आतड्यातून कॅल्शियम रक्तात शिरतं ते वेगळ्याच दारांनी, आणि ती दारं तयार ठेवायला डी जीवनसत्त्व लागतं. म्हणून तर चिठ्ठीत दोन्ही सोबत लिहिलंय. हाडात ते बसवणाऱ्या पेशी आणखी निराळ्या. या वाटेवर बीपीची गोळी आडवी येत नाही. दोन्ही गोळ्या एकाच घरात सुखानं राहू शकतात.

पुतण्याच्या बोलण्यात एक खरा धागा आहे, तोही सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. कोणी या जातीच्या गोळ्या मूठभर गिळल्या तर दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम देतात. तिथं दोन्हींची झुंज खरोखर लागते. पण ती विषबाधा, आणि ते शिरेतलं इंजेक्शन. रोजची एक गोळी आणि जेवणानंतरची एक गोळी यांची तशी झुंज होत नाही.

काकूंच्या म्हणण्यातही तथ्य नाही असं नाही. हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम साचतं, सीटी स्कॅनवर दिसतं. पण ते बहुतेक जखमेवरच्या खपलीसारखं मागाहून येतं: आधी तंबाखू, बीपी, साखर, चरबी भिंतीला इजा करतात, मग सूज, मग तिथं कॅल्शियम. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो का, यावर डॉक्टरांत वाद आहे. काही अभ्यासांत किंचित वाढ दिसली, काहींत नाही. दूध-दह्यातल्या, भाजीतल्या कॅल्शियमबद्दल तशी भीती दिसलेली नाही. माझं मत विचाराल तर मोडलेल्या मनगटावर डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घ्यावी, पण ताटातून जेवढं मिळेल तेवढं ताटातून घ्यावं आणि गोळी उगाच वाढवू नये. काकूंच्या धाकानं बीपी आणि तंबाखू मोकळे सुटतात आणि कॅल्शियमला शिक्षा होते, हे मला पटत नाही.

ताटाचं म्हणाल तर मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दुधाच्या मोठ्या पेल्यात जवळपास ३०० मिलिग्रॅम मिळतं. तुमच्या घरी म्हैस आहे असं लिहिलंय, मग सगळं दूध डेअरीला घालून सासूबाईंच्या वाट्याला कोरा चहा, असं तर होत नाही ना? हे विचारलं म्हणून रागावू नका. मी पाहिलेल्या निम्म्या घरांत असंच असतं. एक वाटी दही, जेवणात ताक, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा. आणि सकाळी कोवळ्या उन्हात नाही, जरा तापल्यावर, हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. विदर्भात उन्हाला तोटा नाही, पण पदर, सावली आणि घरकाम यांत बायांच्या अंगाला ते लागत नाही.

चुन्यावरचं सासूबाईंचं उत्तर वाचून हसलो. त्या म्हणतात त्यात रसायनापुरतं खरं आहे, चुना कॅल्शियमच. पण खर्र्यात तो हाडांसाठी घालत नाहीत. तंबाखूतलं निकोटिन तोंडातून लवकर रक्तात उतरावं म्हणून घालतात. तोंडाची कातडी भाजते, कॅन्सरचं भय ते वेगळंच. आणि धडधड? घाबरल्यावर किंवा चिडल्यावर ॲड्रिनलिन सुटतं, हृदयाच्या पेशीतली कॅल्शियमची दारं जास्त उघडतात, पंपही झपाट्यानं चालतात; ठोका जोरात आणि भरभर पडतो. निकोटिन हेच ॲड्रिनलिन सोडायला लावतं. धडधड नेमकी कधी होते ते आठवडाभर लिहून ठेवा: खर्र्यानंतर, भांडणानंतर, की गप्प बसलेल्या असताना. तो कागद आणि एक ईसीजी, एवढ्यावर डॉक्टरांना बरंच कळेल. दरम्यान कोणी "हृदयाले ताकद" म्हणून कण्हेरीच्या मुळीचा काढा सांगितला तर त्या घरचा चहाही घेऊ नका. कण्हेरीतलं विष हृदयाच्या पेशीत कॅल्शियम साचवून ठेवतं. डिगॉक्सिन नावाचं औषध त्याच वाटेनं काम करतं, पण ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात. मुळी कोण मोजणार?

गोळ्या घेताना काही गोष्टी खरंच जपायच्या असतात. कॅल्शियमची साधी कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. लोहाची गोळी सुरू असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोनेक तासांचं अंतर, थायरॉइडची असेल तर चार तासांचं, नाहीतर कॅल्शियम त्यांना आतड्यातच धरून बसतं. खरी अडवाअडवी ही, आणि तिथं अडवणारं कॅल्शियम असतं. डी-३ ची ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्याला एक असते. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. वर कोणी 'ताकदीचं' म्हणून डी-३ चं इंजेक्शनही टोचतं. मग रक्तातलं कॅल्शियम खरोखर चढतं: तहान, भरपूर लघवी, मळमळ, पोट साफ न होणं, गोंधळल्यासारखं वागणं. असं दिसलं तर गोळी थांबवून रक्त तपासायचं. पूर्वी मूतखडा झाला असेल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि हाडांबद्दल. उभ्यानं पडून बासष्टाव्या वर्षी मनगट मोडणं हा हाड पातळ झाल्याचा इशारा असतो. नुसत्या कॅल्शियमनं ते भरून निघत नाही. प्लास्टर काढायला जाल तेव्हा हाडांची घनता तपासायची का आणि वेगळं औषध लागेल का, हे विचारा. अंगणातलं शेवाळ मात्र डॉक्टर काढणार नाही. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, नहाणीच्या दारात खरबरीत फरशी बसवा. पुढचं पडणं खुब्यावर आलं तर फार महागात जाईल.

पुतण्याला बोल लावू नका. पाकीट वाचणारा पोरगा घरात असणं चांगलंच आहे, त्याला आता पुढचं काम द्या. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं: हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. ते लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करतं, त्यामुळे त्यासोबत कॅल्शियम आणि डी-३ देताना रक्तावर नजर ठेवावी लागते. तुम्ही ॲम्लोडिपिन एवढंच लिहिलंय. पाकिटावर त्याच्यापुढं आणखी एखादं नाव बारीक अक्षरांत आहे का, हे त्याला पाहू द्या. आणि डॉक्टरांकडे जाताना त्याला सोबत न्या, दोन्ही पाकिटं त्याच्याच खिशात द्या.